३२० की लॉसलेस? आधी घरातला कॅसेटचा डबा उघडा!

मेसमधून जेवून आलो की आमच्या विंगमध्ये रोज रात्री एक तरी वाद पेटतोच. सबमिशन जितकं जवळ, तितका वाद मोठा! सध्याचा वाद आहे ‘साउंड क्वालिटी’चा. एका रूमवर स्पॉटिफायवाले, समोरच्या रूमवर ॲपल म्युझिकवाले, आणि कॉरिडॉरच्या टोकाला हार्डडिस्कमध्ये नुसत्या ‘फ्लॅक’ फायली भरून ठेवणारे एक महाराज. हे महाराज बाकीच्यांकडे असे बघतात, जणू आपण सगळे गढूळ पाणी पितोय आणि तेवढे ते गंगाजल! “तुमचे कान अजून १२८ चेच आहेत बे,” हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

मी ई अँड टीसीचा. त्यामुळे “सांग ना भाऊ, खरं काय ते” असं सगळे मलाच विचारतात. (पेपरात हाच प्रश्न आला तर किती मार्क मिळतील, ते विचारू नका.) वाद मिटवायचा म्हणून मी वाचायला लागलो, आणि दिवाळीच्या सुट्टीत गावी, फुलसावंगीला, गेल्यावर अशी एक गोष्ट घडली की हा सगळा वादच मला वेगळा दिसायला लागला. ती गोष्ट नंतर. आधी हॉस्टेलचा वाद मिटवू.

थोडी आकडेमोड. १९८२ मध्ये बाजारात आलेल्या सीडीवर आवाजाचे दर सेकंदाला ४४,१०० नमुने घेतलेले असतात, प्रत्येक नमुना १६ बिटचा, आणि डावा-उजवा असे दोन चॅनेल. गुणाकार करा : सेकंदाला सुमारे १४११ किलोबिट. म्हणजे पाच मिनिटांचं गाणं ५३ एमबीचं. ४४,१००च का? तर नायक्विस्ट साहेब! (सेकंड इयरला आपण सगळ्यांनी पाठ केलेला नियम.) जेवढी वारंवारता पकडायची, तिच्या दुपटीपेक्षा जास्त नमुने घ्यावे लागतात. माणसाचा कान तरुणपणी फार तर २० हजार हर्ट्झपर्यंत ऐकतो, वयाबरोबर ते कमी होत जातं. म्हणजे कानाला लागतं तेवढं सगळं सीडीमध्ये मावतं. १६ बिटमुळे सगळ्यात हळू आणि सगळ्यात मोठा आवाज यांत सुमारे ९६ डेसिबलचं अंतर ठेवता येतं. आपल्या रूममधल्या पंख्याचाच आवाज चाळीस-पन्नास डेसिबल असतो, हे जाता जाता लक्षात घ्या.

आता हेच ५३ एमबी फ्लॅकमध्ये बांधले तर साधारण निम्म्यावर येतात आणि उघडल्यावर बिट न् बिट परत मिळतो. झिप फाइलसारखंच. म्हणून ते ‘लॉसलेस’. पण ३२० चा एमपी३ केला तर १२ एमबी, आणि १२८ चा केला तर पाचपेक्षाही कमी. एवढं वजन कुठं गेलं? तर ते फेकून दिलं. कायमचं.

काय फेकायचं हे ठरवण्यातच खरी हुशारी आहे. आमच्या गावात पिठाची गिरणी सुरू असली की शेजारी उभा असलेला माणूस काय पुटपुटतो ते ऐकू येत नाही. तो बोलत असतो, आवाजही कानापर्यंत येतो, पण गिरणीचा मोठा आवाज त्याला झाकून टाकतो. याला मास्किंग म्हणतात. जर्मनीतल्या फ्राउनहोफर संस्थेत कार्लहाइन्त्स ब्रांडेनबुर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच गोष्टीवर वर्षानुवर्षं काम केलं : जे कानाला ऐकूच येणार नाही, ते साठवायचं कशाला? त्यातून एमपी३ तयार झालं. ‘.एमपी३’ हे शेपूट १९९५ मध्ये ठरलं आणि पुढे काय झालं ते आपल्याला माहीतच आहे. एका सीडीमध्ये दीडशे गाणी, चौकाचौकात ‘एमपी३ कलेक्शन’, आणि मग मेमरी कार्ड!

म्हणजे एमपी३ ही लबाडी नाही. ती इंजिनीअरिंगमधली एक अतिशय सुंदर तडजोड आहे. प्रश्न एवढाच, की ही तडजोड आपल्याला ऐकू येते का?

यावर मत विचारू नका, टेस्ट घ्या. उपाय साधा आहे, डोळे झाकून ऐकण्याचा. फूबार२००० नावाचा फुकट प्लेअर आहे, त्यात ‘एबीएक्स’ नावाची सोय जोडता येते. एक फाइल ‘ए’, दुसरी ‘बी’, आणि ‘एक्स’ यांपैकी कोणती ते कॉम्प्युटर लपवून ठेवतो. तुम्ही ओळखायचं. सोळा वेळा. सोळापैकी बारा किंवा जास्त बरोबर आले तर तुम्हाला खरंच फरक कळतो असं म्हणायला जागा आहे. आठ-नऊ आले तर ते नाणं उडवल्यासारखंच.

आम्ही एका रविवारी हा प्रयोग केला. एकाच सीडीवरून फ्लॅक काढला आणि त्याच फ्लॅकवरून ३२० आणि १२८ चे एमपी३ बनवले. (हे महत्त्वाचं आहे, मूळ एकच पाहिजे.) आवाजाची पातळी सारखी केली, कारण जे किंचित मोठं वाजतं ते आपल्याला ‘चांगलं’ वाटतं. दुकानात हेडफोन विकणाऱ्यांना हे चांगलं ठाऊक असतं! निकाल? १२८ चा काही जणांनी ओळखला. ३२० आणि फ्लॅकमधला फरक मात्र कोणालाच ठामपणे सांगता आला नाही. महाराजांनाही नाही. महाराज म्हणाले, “आज सर्दी आहे.” असो.

आमचा प्रयोग म्हणजे काही शास्त्र नव्हे. पण २००७ मध्ये अमेरिकेत मायर आणि मोरान या दोघांनी असाच प्रयोग पद्धतशीर केला होता. सीडीपेक्षा वरच्या दर्जाचा म्हणजे ‘हाय-रेझोल्यूशन’ आवाज, आणि तोच आवाज सीडीच्या दर्जावर उतरवलेला. ५५४ वेळा विचारलं, २७६ वेळा बरोबर उत्तर. बरोब्बर छापा-काटा! दुसरी बाजूही सांगतो. २०१६ मध्ये जोशुआ राइस यांनी अशा १८ प्रयोगांचे निकाल एकत्र केले तेव्हा बरोबर उत्तरांचं प्रमाण ५२.३ टक्के निघालं. म्हणजे फरक अगदी शून्य नाही, पण तो शोधायला बारा हजारांवर चाचण्या एकत्र कराव्या लागल्या. मेसच्या पोळ्या खाऊन रात्री अकरा वाजता तो तुम्हाला सहज कळतो असं म्हणणाऱ्याला माझा नमस्कार!

आता सर्व्हिसेसकडे या. स्पॉटिफाय २०१९ मध्ये भारतात आलं. त्यात २४, ९६, १६० आणि ३२० अशा पायऱ्या आहेत. २०२५ मध्ये त्यांनी लॉसलेसही आणलं. ॲपल म्युझिकची नेहमीची पायरी म्हणजे २५६ चा एएसी, आणि २०२१ पासून लॉसलेस, तेही २४ बिट १९२ किलोहर्ट्झपर्यंत. यूट्यूब म्युझिक २५६ पर्यंत जातं, जिओसावन पैसे भरल्यावर ३२० पर्यंत. आणि हो, ३२० हा आकडा २५६ पेक्षा मोठा म्हणून तो आवाज चांगला, असं नसतं. एएसी हे एमपी३ नंतरचं आणि जास्त हुशार तंत्र आहे, कमी बिटमध्ये तेवढंच काम करतं. कोडेक वेगळे असतील तर नुसत्या आकड्यांची तुलना करू नये.

पण खरी गंमत याच्या पुढे आहे. तुम्ही लॉसलेसचे पैसे भरता आणि ऐकता कशावर? ब्लूटूथ इअरबड्सवर! साधं ब्लूटूथ म्हणजे एसबीसी कोडेक, तो जास्तीत जास्त ३२८ किलोबिटच्या आसपास. सोनीचा एलडॅक ९९० पर्यंत जातो, तरी तोही लॉसीच. म्हणजे फोनपर्यंत आलेलं ‘गंगाजल’ फोनच्या आत पुन्हा दाबलं जातं आणि मग तुमच्या कानात येतं. लॉसलेस ऐकायचं तर वायरचे हेडफोन लावा, नाहीतर वाद घालू नका.

दुसरी गंमत म्हणजे ‘ऑटो’ क्वालिटी. पुसदहून एस.टी.त बसलो की फुलसावंगीपर्यंत नेटवर्क येतं-जातं, येतं-जातं. ॲपमध्ये क्वालिटी ‘ऑटोमॅटिक’वर असली की ते बिचारं नेटवर्क बघून पायऱ्या उतरत जातं. आपल्याला वाटतं आपण ३२० ऐकतोय. इथला फरक मात्र कोणालाही कळतो, त्याला एबीएक्स लागत नाही. झांजा पाण्यात बुडवल्यासारख्या वाजायला लागतात. उपाय फुकटचा आहे : सेटिंगमध्ये जाऊन ऑटो बंद करा आणि गावी निघण्याआधी हॉस्टेलच्या वायफायवर गाणी डाउनलोड करून ठेवा. कोणतं ॲप यापेक्षा हे जास्त महत्त्वाचं आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

तिसरी गोष्ट, ध्वनिमुद्रण कसं झालंय. ‘सैराट’च्या (२०१६) वाद्यवृंदाचं रेकॉर्डिंग हॉलिवूडच्या सोनी स्कोअरिंग स्टेजवर झालं. आमच्या गावाकडच्या वरातीत डीजेवर ते वाजतं तेव्हा त्या व्हायोलिन्सचं काय होतं ते आपण सगळ्यांनी ऐकलंय, आणि तरी नाचलोय! उलट टोकाला बालगंधर्वांच्या, अब्दुल करीम खाँसाहेबांच्या जुन्या ७८ आर.पी.एम.च्या तबकड्या. एका बाजूला जेमतेम तीन-सव्वातीन मिनिटं. १९२५ च्या सुमारास विजेवरचं मुद्रण येण्याआधी कर्ण्यात तोंड घालून गावं लागे, आणि पाच हजार हर्ट्झच्या वर त्यात फारसं काही उरत नसे. अशा तबकडीला ‘हाय-रेझोल्यूशन’चं लेबल लावून काय मिळणार? पण त्याच तबकडीची खरखर काढायच्या नादात कोणी आवाजच घासून टाकला, तर मात्र खूप काही जातं. एकच जुनं गाणं दोन ठिकाणी ऐकलं आणि वेगळं वाटलं, तर बहुतेक वेळा कारण बिटरेट नसतं. कोणत्या प्रतीवरून आणि कशी नक्कल केली, हे असतं.

तर हॉस्टेलच्या वादाचा निकाल : ऐकायला ३२० किंवा २५६ पुरे. उरलेल्या पैशांत बरे वायरचे हेडफोन घ्या. महाराज, माफ करा.

पण महाराजांचं एक म्हणणं मी आता शंभर टक्के मान्य करतो. फ्लॅक लागतो. फक्त ते म्हणतात त्या कामासाठी नाही.

दिवाळीत घरी गेलो. आमचे आबाजी गावच्या भजनी मंडळात खंजिरी वाजवायचे आणि राष्ट्रसंतांची भजनं म्हणायचे. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज (१९०९–१९६८) आपल्या अमरावती जिल्ह्यातले. त्यांनी खंजिरी हातात घेऊन भजन केलं, आणि त्यांच्यामागं विदर्भातल्या गावागावांत खंजिरी भजनाची मंडळं उभी राहिली. आमचं मंडळ त्यातलंच एक. १९९१ मध्ये पुण्यतिथीच्या कार्यक्रमात कोणीतरी टू-इन-वन मध्ये ठेवून आबाजींचं पूर्ण भजन टेप केलं होतं. नव्वद मिनिटांची कॅसेट. आबाजी गेले तेव्हा मी तीन वर्षांचा होतो. मला त्यांचा चेहरा फोटोतला आठवतो, आवाज आठवत नाही.

मागे केव्हातरी बाबांनी ती कॅसेट तालुक्याच्या एका मोबाइलच्या दुकानात देऊन मेमरी कार्डात भरून आणली होती. मी या वर्षी नवीन हेडफोन घेऊन गेलो होतो. म्हटलं, आबाजींचं भजन नीट ऐकू. फाइल उघडली. ३२ किलोबिट, मोनो. नव्वद मिनिटं २१ एमबीमध्ये! वर ‘नॉइज रिमूव्ह’ केलेलं. आबाजी विहिरीच्या तळातून बोलतात असं वाटत होतं. शब्द अर्धेच कळतात. आणि खंजिरी? खंजिरी नव्हतीच. तिच्या जागी एक ‘फस्स... फस्स’ असा आवाज.

असं का झालं ते मला आता कळतं, म्हणून सांगतो. एमपी३ आवाजाचे तुकडे पाडून काम करतं. एक फ्रेम ११५२ नमुन्यांची, म्हणजे सीडीच्या हिशेबात सुमारे २६ मिलिसेकंद. तुकड्याच्या आत जी ढोबळ चूक राहते ती सगळ्या तुकड्यावर पसरते. लांब आलापात ती झाकली जाते. पण खंजिरीचा ठोका म्हणजे आधी शांतता आणि मग एकदम ‘छन्न’! त्या छन्नची चूक ठोक्याच्या आधीच्या शांततेतही सांडते. याला प्री-एको म्हणतात. एमपी३ बनवणाऱ्यांना हे ठाऊक होतं, म्हणून अशा वेळी ते छोटे तुकडे वापरतं, आणि त्याची परीक्षा घ्यायला स्पेनच्या कॅस्टनेट्सचं रेकॉर्डिंग वापरतात. लाकडाच्या दोन वाट्यांची टकटक. आमची खंजिरी त्यांच्याकडे असती तर तीही चालली असती! पण ३२ किलोबिटमध्ये छोटे तुकडे करून तरी भागणार कसं? द्यायला बिटच नाहीत. मग वरच्या वारंवारता सरळ कापायच्या, आणि खंजिरीच्या चकत्या वाजतात त्या नेमक्या तिथेच.

मी बाबांना म्हटलं, “बाबा, मूळ कॅसेट द्या, मी परत काढतो. कॉलेजात सगळं सामान आहे.”

बाबा जरा गप्प झाले. मग म्हणाले, “अरे, मोबाइलात आली ना आता. मंग कशाले ठेवाची थे अडगळ? तिची फीत काढून जवारीवर बांधली होती. पाखरं उडते तिच्यानं.”

ज्यांच्या घरी शेती आहे त्यांना हे समजेल. कॅसेटची फीत शेतात दोन काठ्यांच्या मध्ये ताणून बांधली की वाऱ्यानं ती चमकते, भर्र आवाज करते आणि पाखरं बसत नाहीत. सगळेच करायचे. बाबांनी काही चूक केली असं मी म्हणणार नाही. त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं की कार्डात आलं ते भजन नाही, भजनाची चिठ्ठी आहे. दुकानदाराचाही दोष काय काढायचा, त्याला कार्डात जास्त गाणी बसवायची सवय. पण दोन मोसम आबाजींचं भजन ज्वारीवर वाजलं आणि मग ते कुठं गेलं कोणाला माहीत नाही.

आता मी त्या २१ एमबीच्या फाइलचा फ्लॅक केला तरी काय येणार? गेलेलं परत येत नाही. एमपी३ चा फ्लॅक करणं म्हणजे झेरॉक्सची झेरॉक्स आर्ट पेपरवर काढणं. (हॉस्टेलच्या शेअर फोल्डरमध्ये असे ‘फ्लॅक’ पुष्कळ आहेत. ऑडॅसिटीमध्ये स्पेक्ट्रम उघडून बघा, १६ किलोहर्ट्झला सुरी फिरवल्यासारखं कापलेलं दिसलं तर समजा, आतून एमपी३ आहे.)

तर मित्रांनो, माझा मुद्दा एवढाच आहे. लॉसलेस ही ऐकायची चैन नाही, ती जपायची शिस्त आहे. स्टुडिओत झालेल्या गाण्याची मास्टर प्रत कंपनीकडे असते. तुम्ही ते ९६ ला ऐका नाहीतर ३२० ला, मूळ कुठं जात नाही. उद्या चांगलं तंत्र आलं तर परत काढता येईल. पण आपल्या घरातल्या कॅसेटची मास्टर प्रत कुठं असते? आपल्याच घरात. शोकेसच्या खालच्या कप्प्यात, चपलांच्या खोक्यात. तिची जी पहिली नक्कल आपण करू, बहुतेक तीच शेवटची ठरते. म्हणजे जिथं लॉसलेसची गरज नाही तिथं आपण त्यासाठी भांडतो, आणि जिथं खरी गरज आहे तिथं ३२ किलोबिटवर भागवतो!

कोणी म्हणेल, “आवाज तर ऐकू येतो ना? एवढं काय?” त्यांना एक उदाहरण देतो. गी प्वातव्हाँ आणि हेमा राईरकर यांनी महाराष्ट्रातल्या गावोगावच्या बायकांच्या जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. एक लाखाच्या वर! नुसती वही भरली असती तरी ते काम मोठंच होतं. पण बर्नार्ड बेल या फ्रेंच अभ्यासकाच्या साथीनं त्यांनी त्यातल्या कितीतरी ओव्यांचं ध्वनिमुद्रणही केलं, आणि चांगल्या दर्जाचं केलं. म्हणून २०१७ पासून ‘परी’नं (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) त्या लोकांसमोर ठेवल्या तेव्हा आपल्याला नुसते शब्द मिळाले नाहीत. चाल मिळाली, दम कुठं घेतला ते मिळालं, मागची जात्याची घरघरही मिळाली. ‘नॉइज’ म्हणून कोणी ती घरघर काढून टाकली असती तर? ओवी जात्यावरची आहे हे मग कानाला कसं कळणार?

आणि वेळ फार नाही. २०१९ मध्ये युनेस्कोच्या एका कार्यक्रमातून ‘मॅग्नेटिक टेप अलर्ट’ नावाची मोहीम निघाली. सांगणं असं होतं की २०२५ च्या आसपास टेप वाजवायची यंत्रं आणि त्यांचे सुटे भाग मिळणं मुश्किल होईल, तेव्हा त्याआधी उतरवून घ्या. ती मुदत आली आणि गेली. आमच्या गावात चालू टेप रेकॉर्डर शोधायला मला चार दिवस लागले. फितीला बुरशी येते, ती चिकटते, आणि पावसाळा दरवर्षी येतोच.

घरच्या डब्यात अजून सहा कॅसेट निघाल्या. दोनांवर सिनेमाची गाणी, ती सोडली. एकीवर आत्याच्या लग्नातल्या मंगलाष्टका. एकीवर शेजारच्या तांड्यावरची होळीची लेंगी, डफावर, रात्रभराची. एकीवर आजीच्या ओव्या. आणि एक कोरी, असं वाटलं होतं. तिच्या शेवटी अर्धा मिनिट आबाजींचं बोलणं निघालं : “चालू झालं का रे? लाल दिवा लागला का?” बस, एवढंच. पण हे मी नीट उतरवून घेतलं. हेडफोन लावून ऐकलं तर मागं कप-बशीचा आवाजही येतो. बाबांनी ते तीनदा ऐकलं आणि उठून गोठ्याकडे गेले.

कसं उतरवलं ते थोडक्यात लिहितो, म्हणजे कोणाला उपयोग होईल. आधी हेड आणि रोलर आयसोप्रोपिल अल्कोहोलनं कापसाच्या काडीवर पुसले. कॅसेट एकदा शेवटपर्यंत पुढे आणि परत मागे फिरवली, म्हणजे फीत मोकळी होते. मग हेडच्या बाजूचा छोटा स्क्रू : याला अझिमथ म्हणतात. ज्या टेपवर रेकॉर्डिंग झालं त्याचं हेड जरा तिरकं असेल तर आपल्या टेपवर आवाज बसका येतो. कॅसेट वाजवत हा स्क्रू अगदी किंचित फिरवायचा, जिथं आवाज सगळ्यात खुलेल तिथं थांबायचं. कोणत्याही ॲपच्या ‘एनहान्स’ बटनापेक्षा या स्क्रूमध्ये जास्त ताकद आहे! मग हेडफोनच्या नव्हे, लाइन-आउटच्या भोकातून वायर काढून ऑडॅसिटीमध्ये २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ. जगभरच्या ध्वनी-संग्रहालयांची संघटना ‘आयासा’ कमीत कमी एवढंच सांगते, जमलं तर ९६. लेव्हल लाल होऊ द्यायची नाही. खरखर काढायची नाही. मूळ उतरवलेली फाइल फ्लॅक करून तशीच ठेवायची, आणि साफसफाई करायची तर नकलेवर. फाइलच्या नावात गाव, साल, कोण गातंय, कोण वाजवतंय. व्हॉट्सॲपवर पाठवायची तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून, व्हॉइस नोट करून नाही. तीन प्रती, त्यातली एक घराबाहेर.

आणि एक राहिलंच. मूळ कॅसेट फेकायची नाही. जवारीवर तर नाहीच नाही!

आता स्टाफला एक विनंती. सर, मॅडम, आपल्या लॅबमध्ये ऑसिलोस्कोप आहेत, सोल्डरिंग आहे, जुने टेप दुरुस्त करू शकणारे लॅब असिस्टंट काका आहेत. दर वर्षी मिनी प्रोजेक्टला तेच ते लाइन फॉलोअर रोबोट होतात. त्याऐवजी एखाद्या ग्रुपला ‘कॅसेट उतरवणी’ हा प्रोजेक्ट द्या. एक बरा डेक, एक साउंड कार्ड, दोन हार्डडिस्क, यापेक्षा जास्त खर्च नाही. सॅम्पलिंग, फिल्टर, क्वांटायझेशन नॉइज, अर्धा सिलॅबस त्यात येतो. एन.एस.एस.च्या शिबिराला गावात जातोच, तर झाडू मारून झाल्यावर एक घरोघरी फेरी कॅसेटसाठी मारू. पण देणाऱ्याची परवानगी घेऊनच, आणि उतरवलेली प्रत आधी त्याच्या हातात द्यायची.

आणि हॉस्टेलच्या दोस्तांनो, तुमच्यासाठी एकच. पुढच्या सुट्टीत घरी गेलात की वायफायचा पासवर्ड विचारायच्या आधी कॅसेटचा डबा कुठं आहे ते विचारा. यवतमाळ, नांदेड, वाशीम, हिंगोली, आपल्या विंगमध्ये कुठकुठली पोट्टी आहेत. कोणाच्या घरी भीमगीतांचा कार्यक्रम टेप केलेला असेल, कोणाकडे दंडारीचा, कोणाकडे नुसतं दुबईहून मामानं कॅसेटवर बोलून पाठवलेलं पत्र. घेऊन या. टेप रेकॉर्डर माझ्या रूमवर आहे, स्क्रू ड्रायव्हर पण आहे.

महाराजांनी फ्लॅकसाठी आपली हार्डडिस्क रिकामी करून द्यायचं कबूल केलंय. निम्मी तरी!